यंत्रमानवाची एकच अवज्ञा : ‘जायंट रोबोट’चा शेवट

मुलांसाठी रचलेल्या कथेचा शेवट कसा असावा, याविषयी आपल्याकडे फारसा वाद होत नाही. दुष्टाचे निर्दालन व्हावे, नायक सुखरूप परतावा आणि निजण्यापूर्वी मुलाच्या मनात धास्ती उरू नये, एवढीच माफक अपेक्षा असते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने दाखवलेल्या ‘जायंट रोबोट’ या जपानी मालिकेने यांतली पहिली अपेक्षा पुरी केली आणि दुसरी मोडली. दुष्ट मेला, पण ज्याच्यासाठी मुले संचापुढे बसत, तोही त्याच्याबरोबर गेला. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पुष्कळ माणसांना या मालिकेचे मधले भाग आठवत नाहीत. शेवट मात्र आठवतो, आणि आपण तेव्हा रडलो होतो हेही आठवते. त्या रडण्याचा अर्थ काय आणि ज्या कथेने ते आणले ती त्या अश्रूंना पात्र होती काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मालिकेविषयी थोडे. मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराच्या कल्पनेवरून तोएई या चित्रसंस्थेने ही मालिका निर्माण केली. ऑक्टोबर १९६७ ते एप्रिल १९६८ या काळात जपानमध्ये तिचे २६ भाग दाखवले गेले. पुढे तिची इंग्रजी आवृत्ती झाली. तीत दाईसाकू या जपानी मुलाचा जॉनी सोक्को झाला आणि तोच जॉनी आपल्या दूरदर्शनवर आला. कथासूत्र साधे आहे. परग्रहावरून आलेला सम्राट गिलोटिन पृथ्वी जिंकू पाहतो. त्याच्या टोळीने एका शास्त्रज्ञाला डांबून त्याच्याकडून प्रचंड यंत्रमानव घडवून घेतलेला असतो. त्याचा चेहरा प्राचीन इजिप्तच्या राजांसारखा आहे. जॉनी योगायोगाने त्या बेटावर पोचतो आणि यंत्रमानवाच्या नियंत्रक घड्याळात प्रथम त्याचाच आवाज उमटतो. तेव्हापासून यंत्रमानव फक्त त्या एका मुलाचे ऐकतो. शास्त्रज्ञाने मरता मरता घडवून आणलेल्या अणुस्फोटाच्या शक्तीने त्याच्यात चेतना येते. त्याचा जन्म अणुस्फोटातला आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; शेवटाशी तिचा संबंध आहे.

त्या काळी आमच्या देवगड-कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर दूरचित्रवाणी संच विरळाच होता. मुंबईत चाकरमान्यांच्या खोल्यांतून ज्यांनी मालिका पाहिली, ती मुले मे महिन्यात गावी येत आणि वाळूत बसून आम्हां शाळकरी पोरांना सगळे भाग साभिनय सांगत. इंग्रजी संवाद त्यांनाही कळलेले नसत. कळलेले असे ते एवढेच : मुलगा मनगटाशी तोंड नेऊन हाक मारतो आणि आकाशातून कोणी तरी धावून येते. मला वाटते, मालिकेचा गाभा भाषेवाचूनच त्यांच्यापर्यंत पोचला होता. हाक आणि ओ, एवढाच तो गाभा आहे.

या प्रदेशातल्या मुलाला अशा कथेचे रूप परके वाटण्याचे कारणही नव्हते. जत्रांच्या दिवसांत रात्रभर चालणारा दशावतार पाहत आमचा किनारा वाढला. तेथे गणपती येतो, सरस्वती येते, वेद पळवणारा काळा संकासुर येतो, त्याचा वध होतो, मग आख्यान रंगते आणि पहाटे दहीकाल्याने खेळ संपतो. आत आपल्यासारखाच माणूस आहे हे ठाऊक असूनही वेषापुढे आपण दबतो. जपानी मालिकेतही यंत्रमानवाच्या पोशाखात नटच आहे, राक्षसांच्या रबरी कातड्यात नटच आहे आणि कोसळणाऱ्या इमारती पुठ्ठ्याच्या आहेत. दशावताराचा प्रेक्षक त्याला हसणार नाही. दोन्हींकडे दर खेपेला तोच संग्राम, तोच विजय आणि त्या पुनरावृत्तीचा तोच आनंद असतो. भेद आहे तो शेवटात. संकासुर पुढच्या जत्रेला पुन्हा येतो आणि त्याला मारणारा विष्णूही येतो. म्हणून दहीकाल्याच्या वेळी कोणी डोळे पुसत नाही. ‘जायंट रोबोट’ने पंचवीस भाग जत्रेचे हे आश्वासन पाळले आणि सव्विसाव्यात ते काढून घेतले.

आता त्या सव्विसाव्या भागाकडे वळू. गिलोटिन प्रचंड आकार धारण करून समोर उभा राहतो. त्याच्या देहात अणुशक्ती साठलेली आहे. त्याच्यावर शस्त्र चालवले तर स्फोट होऊन पृथ्वीच नष्ट होईल. त्यामुळे आजवरचे सर्व उपाय निरुपयोगी ठरतात. शरण जावे तर गुलामगिरी, लढावे तर सर्वनाश. अशा वेळी यंत्रमानव गिलोटिनला कवटाळून आकाशात झेपावतो. त्याला तशी आज्ञा कोणी दिलेली नसते. जॉनी घड्याळातून त्याला परत बोलावतो, विनवतो, ओरडतो. पंचवीस भाग ज्या आवाजाला त्याने तत्काळ ओ दिली, त्या आवाजाला तो या एकदाच जुमानत नाही. दूर अंतराळात एका उल्केवर तो स्वतःला आदळतो आणि दोघेही नष्ट होतात. खाली उरतो तो रडणारा मुलगा. अणुस्फोटातून जन्मलेला यंत्रमानव पृथ्वीवरचा स्फोट टाळण्यासाठी पृथ्वीपासून दूर जाऊन फुटतो.

माझ्या मते या प्रसंगाचे सारे बळ त्या अवज्ञेत आहे. गुरुविद्यालयात नीतिशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद शिकवला जातो. माणसाकडून घडणारी प्रत्येक क्रिया मानवी कृती नसते. श्वास चालतो, पापणी लवते, झोपेत हात हलतो. या क्रिया माणसाच्या खऱ्या, पण त्यांना पुण्य लागत नाही आणि पापही नाही. जाणून आणि स्वेच्छेने केलेली कृतीच मानवी कृती होय. हा भेद लावून पाहिले तर यंत्रमानवाचे पंचवीस विजय त्याचे नव्हतेच. ते घड्याळ बांधलेल्या मनगटाचे होते. हातोड्याने खिळा ठोकला म्हणून कोणी हातोड्याचे अभिनंदन करीत नाही. शेवटच्या भागात मात्र तो समोरचा पेच जाणतो, किंमत जाणतो आणि ज्याची आज्ञा पाळण्यासाठी तो घडला त्याच्या आज्ञेविरुद्ध निवड करतो. त्याची ती पहिली स्वतःची कृती आणि तीच अखेरची. आपला लाडका यंत्रमानव मेला म्हणून मुले रडली, असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांनी नकळत याहून अधिक काही पाहिले होते. ते यंत्र ज्या क्षणी ‘कोणी तरी’ झाले, त्याच क्षणी गेले. यंत्र मोडल्याचे दुःख इतकी वर्षे टिकत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शत्रूसह स्वतःचा नाश करून घेणारा नायक जपानच्या पडद्यावर दिसला की ऑक्टोबर १९४४ पासून शत्रूच्या जहाजांवर विमानांसह आदळवले गेलेले कोवळे वैमानिक आठवावेत, हे स्वाभाविक आहे. मुलांच्या मालिकेत त्याच आत्मघाताला सुंदर रूप दिले आहे काय? देशासाठी मरणे म्हणजे देशासाठी फुटणे, असा संस्कार त्यातून होतो काय? ही शंका निराधार नाही. या मालिकेआधी ३१ डिसेंबर १९६६ रोजी संपलेल्या ‘तेत्सुवान आतोमु’ या चित्रमालिकेतला यंत्रबालकही पृथ्वीला वाचवण्यासाठी सूर्याच्या दिशेने झेपावला होता. त्या पिढीच्या कल्पनेला हे चित्र पुन्हा पुन्हा खुणावत होते, हे उघड आहे.

तरीही दोन्ही घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. युद्धातल्या त्या तरुणांच्या बाबतीत वरच्यांची इच्छा खाली उतरत आली. ‘स्वेच्छेने’ हा शब्द कागदावर असला तरी नकार देणे किती अवघड करून ठेवले होते, हे आज जगाला ठाऊक आहे. तेथे जिवंत माणसाला शस्त्राचा सुटा भाग बनवले गेले. मालिकेत याच्या नेमके उलटे घडते. शस्त्र म्हणून घडवलेली वस्तू माणसासारखी वागते, आणि ज्याच्या हाती आज्ञा आहे तो मुलगा ‘जा’ म्हणत नाही, ‘परत ये’ म्हणतो. योकोयामाचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेले ते शहर त्याने बालपणी पाहिले. त्याच्या १९५६ च्या ‘तेत्सुजिन २८’मधला यंत्रमानव युद्धासाठीच योजलेला असतो आणि नियंत्रकाची पेटी ज्याच्या हाती जाईल त्याचा तो होतो, सज्जनाच्या हाती तारक, दुर्जनाच्या हाती मारक. साधनाला स्वतःची नीती नसते, हा धडा त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन शिकला होता. ‘जायंट रोबोट’चा शेवट त्या धड्याच्या पुढे जातो. साधन होऊन राहणे नाकारता येते, असे तो म्हणतो.

याच काळातल्या आणखी एका मालिकेशी तुलना उद्बोधक ठरेल. ‘अल्ट्रामॅन’चा अखेरचा भाग ९ एप्रिल १९६७ रोजी दाखवला गेला. ती निर्माण करणारे एइजी त्सुबुराया यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती, ही माहिती आपल्या वाचकांना रुचेल. त्या शेवटात नायक राक्षसाच्या हातून पडतो आणि राक्षसाला मारतात ती साधी माणसे, स्वतः तयार केलेल्या अस्त्राने. मग नायकाच्या लोकातून आलेला दूत त्याला न्यायला येतो. आपल्याशी एकरूप झालेल्या मानवाला आपला प्राण द्यावा, असे नायक म्हणतो. दूताने मात्र दोन प्राण आणलेले असतात. मृत्यूनंतर जीवन आहे, या आपल्या श्रद्धेला ही कथा जवळची. तरीही कलाकृती म्हणून मला ‘जायंट रोबोट’चा शेवट अधिक सच्चा वाटतो. दुसरा प्राण आधीच खिशात असेल तर पहिल्याच्या दानाचे मोल कमी होते. ‘जायंट रोबोट’ गुड फ्रायडेच्या दुपारी थांबते. पुढच्या पहाटेचे आश्वासन ती देत नाही, कारण ते देणे तिच्या अधिकारातले नाही, आणि न जमणारी गोष्ट तिने केली नाही हा मी तिचा संयम मानतो.

मात्र येथे आपण सावध असावे. प्रत्येक आत्मबलिदानी नायकात ख्रिस्त शोधण्याची आपल्याला सवय आहे आणि त्या घाईत कथेचेही नुकसान होते, श्रद्धेचेही. ख्रिस्ताचे समर्पण आज्ञापालनाची परिसीमा आहे, असे संत पौल फिलिप्पैकरांना लिहितात. यंत्रमानवाचे समर्पण आज्ञाभंगातून येते. दोन्हींना जोडणारा दुवा एकच : कोणी तो प्राण हिसकावून घेतला नाही, तो स्वतः दिला गेला. इतके साम्य पुरेसे आहे. अधिक ओढाताण नको.

दोष नाहीत असे नाही. गिलोटिनच्या दुष्टपणाला कारण नाही, इतिहास नाही. त्यामुळे त्याचा नाश होताना प्रेक्षकाला स्वतःविषयी कसलाच प्रश्न पडत नाही. माणसांच्या शस्त्रसाठ्याकडे मालिका बोट दाखवीत नाही. मुलाच्या दुःखालाही पुरेसा अवधी मिळत नाही. तो रडू लागतो आणि कथा संपते. पण या अखेरच्या उणिवेतून एक गुण निघाला. मालिकेने उपदेश केला नाही. पुढे १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्तिमान’ या आपल्या मालिकेत भाग संपल्यावर नायक मुलांना हिताच्या चार गोष्टी सांगत असे. हेतू उत्तम होता. पण दर रविवारी वेदीवरून बोलणाऱ्या माणसाला अनुभवाने कळते की सांगितलेले तात्पर्य दारापर्यंतही टिकत नाही. न सांगितलेले घरी जाते.

अलीकडे आमच्या परिसरातल्या एका मच्छीमार बापाने तो शेवटचा भाग मोबाइलवर शोधून आपल्या मुलाला दाखवला. बापाचे डोळे पुन्हा भरले. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘पप्पा, मगे दुसरो रोबोट कित्याक नाय बनवल्यानी?’’ बाप थोडा दुखावला. मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. बिघडले की बदलून आणायचे, हे त्या मुलाच्या जगातले साधे तर्कशास्त्र आहे, आणि यंत्राच्या बाबतीत ते चुकीचेही नाही. त्याला उत्तर एकच देता येईल : दुसरा बनवला असता, तर तोही घड्याळाची आज्ञा पाळणारा झाला असता. जो गेला तो आज्ञा मोडून गेला, म्हणून त्याची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

आता आज्ञा पाळणारी यंत्रे घरोघरी आली आहेत. बोलली की ऐकतात, विचारले की उत्तर देतात. त्यांच्याशी वाढणाऱ्या मुलांना ‘वस्तू’ आणि ‘कोणी तरी’ यांतला फरक कोठे शिकवावा, हा पालकांपुढचा खरा प्रश्न आहे. पुठ्ठ्याच्या इमारती आणि रबरी राक्षस घेऊन आलेली ही जुनी मालिका त्यासाठी अजूनही उपयोगी पडेल. मुलांबरोबर ती जरूर पाहावी. शेवटी ती रडली तर समजूत घालण्याची घाई करू नये. रडली नाहीत, तर का नाही, एवढे मात्र विचारावे.