मोठ्याने वाचावयाची पुस्तके

मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे परीक्षण कोणी व कोठे बसून करावयाचे, हा प्रश्न आमच्याकडे सहसा विचारला जात नाही. परीक्षक प्रौढ असतो. तो पुस्तक एकटा, मनातल्या मनात वाचतो, विषय बोधप्रद आहे, भाषा सोपी आहे, चित्रे बरी आहेत, असा निर्वाळा देतो आणि ते बाजूस ठेवतो. ज्या मुलासाठी ते लिहिले गेले त्याच्या कानांवर त्यातले एक वाक्यही पडलेले नसते. आमच्या मते बालवाङ्मयाची खरी परीक्षा घरातच होऊ शकते. रात्री जेवणे उरकल्यावर घरातील एकाने पुस्तक मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, एवढीच तिची सामग्री. या परीक्षेत आमची कोणती पुस्तके टिकतात, आणि ही परीक्षाच घरांतून नाहीशी झाली तर आमचे काय जाते, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

ही रीत परक्यांकडून उसनी घेतलेली नव्हे. भाताची लावणी उरकली, बाहेर पावसाची झोड लागली, की कोकणातील ओटीवर पोथी लागत असे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' (१७०२), 'पांडवप्रताप' (१७१२) किंवा 'शिवलीलामृत' (१७१८) यांपैकी एखादा ग्रंथ चौरंगावर ठेवलेला असे. एकजण ओव्या म्हणे आणि अडेल तेथे दुसरा अर्थ सांगे. हे ग्रंथ मुलांसाठी रचलेले नव्हते, पण आजीच्या मांडीवर पेंगणारे मूल त्या श्रोतृवर्गात धरलेलेच असे. त्याला निम्मे शब्द कळत नसत. तरीही वाक्य कोठे उचलावे, कोठे थांबवावे आणि यमकावर कसे आणून टेकवावे, हे त्याच्या कानांत बसे. पुढे शाळेत व्याकरण शिकताना ज्या गोष्टी पाठ कराव्या लागत, त्या त्याला आधीच ओळखीच्या असत.

ऐकणारा माणूस केवळ घेणारा नसतो, तो मागणाराही असतो, याचे एक ठळक उदाहरण याच परिसराशी जोडलेले आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५). पुढे हे कुटुंब बडोद्यास गेले. तेथे मातोश्री रुक्मिणीबाई गीतेवरील प्रवचनास जाऊ लागल्या. संस्कृत उमगेना, म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. विनोबांनी वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना जड वाटली. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असे त्या सहज बोलून गेल्या. १९१८ साली त्या निवर्तल्या. 'गीताई' १९३०-३१ मध्ये रचली गेली व १९३२ साली प्रसिद्ध झाली. एका मोठ्या पंडिताची रचना एका गृहिणीच्या कानाने नापसंत केली, आणि त्या नापसंतीतून मराठीतील एक अत्यंत लोकप्रिय पुस्तक निघाले. याहून चांगली समीक्षा आमच्या वाङ्मयात क्वचितच झाली असेल.

छापील बालवाङ्मय आले तेव्हा मात्र हा श्रोता थोडा मागे पडला. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' काढले. या दोघांचे मराठी मुलांवर मोठे ऋण आहे. परंतु त्या काळापासून एक समजूत दृढ झाली, ती अशी की मुलांचे पुस्तक हे मुलाने स्वतः, एकट्याने व सुधारण्यासाठी वाचावयाचे असते. तिचा परिणाम गद्यावर झाला. पुष्कळ बालकथांचे शेवटचे परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावेत. वाचणाऱ्याचा आवाज तेथे आपोआप मास्तरांचा होतो आणि ऐकणारे मूल खिडकीबाहेर पाहू लागते.

याच कसोटीला 'श्यामची आई' लावून पाहणे उद्बोधक आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले. प्रसिद्ध झाले ते १९३५ साली. आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच उतरून घेतली होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बोलता आवाज कागदावर कसा धरावा, हे त्यांच्या हाताला ठाऊक झाले होते. पुस्तकाची प्रकरणे 'रात्री' आहेत. श्याम आश्रमात आपल्या मित्रांना रोज एक आठवण सांगतो, आणि जितके एका बैठकीत सांगून व्हावे तितकेच प्रकरण असते. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाने मनाला घाण लागू नये म्हणूनही जपावे, हा प्रसंग किंवा पोहावयास न जाणाऱ्या श्यामला आईने शिंपटीने बाहेर काढण्याचा प्रसंग मोठ्याने वाचताना वाक्ये कोठेही अडखळत नाहीत. ती लहान आहेत, एकामागून एक येतात, आणि वाचणाऱ्याला श्वास घेण्यास जागा देतात.

दोषही याच कसोटीने दिसतात. गोष्ट संपल्यावर श्याम पुष्कळदा चिंतन करू लागतो, आणि तेथे वाचणारा नकळत घाई करतो. ही चिंतने गाळून वाचावीत, असे आमचे मत होते. ते एका लहानशा प्रसंगाने थोडे बदलले.

रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे गेल्या पावसाळ्यात एका परिचितांच्या घरी आम्ही उतरलो होतो. यजमान धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे, दोन्ही मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी. दिवसपाळी असेल त्या आठवड्यात वडील रात्री एक प्रकरण वाचीत. त्या रात्री पोहण्याचा प्रसंग होता. शिंपटी म्हणजे काय, असे धाकट्याने मध्येच विचारले. वडिलांना नीट सांगता येईना. तोच आतून आजी बाहेर आल्या, शिंपटी कशाची करीत ते त्यांनी सांगितले, आणि लहानपणी ती आपणांस कोणी व कशासाठी मारली होती, तीही हकीकत सांगितली. पुस्तक पाव तास बाजूस राहिले. पुढे चिंतन आले तेव्हा दमलेल्या वडिलांनी एक पान उलटले. मोठी मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, पान सुटलं!" ते पान परत फिरून वाचावे लागले. ते संपेपर्यंत धाकटा झोपला होता, आणि मुलगीही फारसे ऐकत होती असे नाही. वडिलांचा आवाज आणखी थोडा वेळ चालावा, इतकेच तिला हवे असावे.

या घरात आम्हांला जे दिसले तेच या विषयाचे मर्म आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला घरी जी मराठी येते, ती बहुतेक आज्ञांची असते: ऊठ, जेव, आवर, झोप. 'जरी' पासून 'तरी' पर्यंत जाणारे लांब वाक्य, मनातील भावाला नेमके नाव देणारा शब्द, त्यांच्या कानी पडणार कोठून? शाळेतून नाही, आणि स्वतःहून मराठी पुस्तक उघडावे इतका त्यांचा हात त्यावर बसलेला नसतो. तेव्हा जे डोळ्यांना अवघड ते कानांना सोपे करून देणारा मध्यस्थ घरातच हवा. ध्वनिमुद्रित गोष्टी आता हाताशी आहेत आणि त्यांत चांगले आवाजही आहेत. पण शिंपटी म्हणजे काय, असे विचारल्यावर त्या थांबत नाहीत, आणि आजीला आतून बोलावीत नाहीत.

नव्या पुस्तकांविषयी निराश होण्याचे कारण नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जिभेने जो 'टॉक' असा आवाज काढतो, तो वाचणाऱ्याने काढून दाखविल्याशिवाय मुले पुढे जाऊ देत नाहीत. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' (१९६१) मुकाट्याने वाचणे जवळजवळ अशक्य आहे. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' मध्ये उपदेशाचा स्वर कोठेच नाही. घरातली माणसे घरातल्यासारखी बोलतात, म्हणून वाचणाऱ्याला आपला आवाज बदलावा लागत नाही. हे गुण योगायोगाचे नव्हेत; या लेखकांना समोर बसलेले मूल ऐकू येत होते.

मूल स्वतः वाचू लागले की हे वाचन बंद करण्याची आमच्याकडे चाल आहे. ती आम्हांला चुकीची वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलाची समजूत त्याच्या वाचनगतीच्या पुष्कळ पुढे धावत असते. मधले अंतर दुसऱ्याच्या आवाजानेच भरून निघते. पोथी ऐकणारे प्रौढ काही सारेच निरक्षर नव्हते.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे, आणि पाळीने राबणाऱ्या माणसाला ती ऐकवणे आम्हांस शोभणार नाही. वरसे येथील त्या घरातही रोज वाचन होत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक फळीवरच असते. मात्र त्यात खूण घातलेली असते, आणि ती कोणत्या पानावर आहे हे मुलीला पाठ असते.