विशेषणाचा पालट : निकोलस गार्नम यांची भूमिका

संज्ञेतील विशेषण बदलले की धोरणाचा रोखही बदलतो, याचे उत्तम उदाहरण निकोलस गार्नम यांच्या लेखनात सापडते. होर्कहायमर व अडोर्नो यांच्या १९४७ च्या ग्रंथात ‘संस्कृति-उद्योग’ ही संज्ञा एकवचनी व निषेधात्मक होती. गार्नम यांनी १९८३ साली ग्रेटर लंडन कौन्सिलसाठी केलेल्या मांडणीत ती अनेकवचनी झाली. बहुसंख्य लोकांची सांस्कृतिक गरज बाजारच भागवितो. म्हणून केवळ कलावंतांना अनुदान देऊन न थांबता धोरणाने वितरणाकडे लक्ष द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८६ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झाले. १९९७ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने ‘सर्जनशील उद्योग’ ही संज्ञा रूढ केली व तीत संगणकीय आज्ञावलींचाही समावेश केला. या पालटामागे माहिती-समाजाची कल्पना आणि स्वामित्वहक्क बळकट करण्याचा हेतू आहे, हे गार्नम यांनी २००५ च्या लेखात दाखविले.

हे विवेचन आम्हांस ग्राह्य वाटते. तथापि बाजाराला सांस्कृतिक धोरणात स्थान मिळवून देण्यात त्यांच्या १९८३ च्या मांडणीचाही वाटा होता, हे नमूद केले पाहिजे. तेथे बाजार साधन होता. पुढे तो साध्य झाला. मराठीत ‘सर्जनशील उद्योग’ हा शब्द सहजपणे योजणाऱ्या अभ्यासकांनी हा भेद ध्यानी घ्यावा.