फुगडीतलं ऐकणं

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा तिच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात ‘शिस्त’ हा शब्द हमखास असतो. पांढरे कपडे, सरळ रांगा, एका तालात पडणारी पावलं. वर्णन खोटं नाही, पण अपुरं आहे. शिस्त म्हटली की हुकूम देणारा आला, आणि पावली हुकमावर चालत नाही.

पावली नीट पाहावी. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग. पाऊल पुढे, पाऊल मागे, मधेच गिरकी. लय वाढवा असं कुणी ओरडून सांगत नाही. मृदंगावरची थाप बदलते, समोरच्याचा गुडघा जरा जास्त वाकतो, आणि ते बघून इकडचा सावध होतो. कान मृदंगाकडे, नजर समोरच्या पायांकडे. मला यात कवायतीपेक्षा संभाषण जास्त दिसतं.

आळंदीच्या पालखीतली समाजआरती याच जातीची. चोपदाराने दंड उंचावला की सगळ्या दिंड्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन काय ते ऐकून घेतो. तक्रारीलाही जागा ठेवणारी ही व्यवस्था नुसत्या शिस्तीची म्हणता येणार नाही.

फुगडीत तर हे ऐकणं मनगटात उतरतं. हात धरायचे, पायाला पाय जुळवायचे आणि मागे रेलायचं. जास्त ओढलं तर तोल जातो, सैल सोडलं तरी जातो. १९७२ साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन यांनी ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ हा नृत्यप्रकार सुरू केला. तिथेही पुढची हालचाल ठरते ती स्पर्शावरून आणि एकमेकांच्या वजनावरून. आपल्याकडे एकनाथ-तुकारामांनी खेळांवर अभंग रचले. त्यांना खेळ भक्तीबाहेरचा वाटला नाही.

पण स्पर्शाची गोष्ट निघाली की बुलढाण्यातल्या माणसाला चोखोबा आठवायला हवेत. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. वाळवंटात फुगडी चालली आणि देवळाच्या दारात स्पर्शाला बंदी राहिली, अशी शतकं गेली. म्हणून ‘वारीत सगळे भेद गळून पडतात’ हे वाक्य मी सहजासहजी स्वीकारत नाही. फुगडी दोन मिनिटांपुरतं काय शक्य आहे ते दाखवते. पुढचं काम तिच्या आवाक्यातलं नाही, आपल्या आहे.

आता आषाढीला शाळांच्या मंचांवर आणि मोबाइलच्या व्हिडिओंत पावली दिसते. बहुतेकदा दोन्ही रांगांची तोंडं प्रेक्षकांकडे असतात. पावलं चुकत नाहीत, पण समोरचा माणूसच उरत नाही, मग ऐकायचं कुणाचं? मला त्यापेक्षा थोडी वेडीवाकडी, पण समोरासमोरची पावली आवडते. पावलं किती एकदम पडली यापेक्षा मी हे बघेन की फुगडीला कुणी कुणाचे हात धरले, आणि गावी परतल्यावर त्याच हातांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं का.