पाहणं आणि जाणणं : पुण्यातल्या हेरिटेज वॉकची चिकित्सा

रविवारी सकाळी शनिवारवाड्यापाशी हल्ली एखादा तरी घोळका दिसतो. पायात बूट, हातात मोबाईल, पुढे माहिती सांगणारा एक तरुण. लोक आपलं गाव पायी बघतात, हे चांगलंच आहे. म्हणूनच या प्रकाराची नीट चिकित्सा व्हायला हवी.

आलॉइस रीगल नावाचा ऑस्ट्रियन कला-इतिहासकार होता. 1903 साली त्याने एक भेद मांडला. वास्तूला जुनेपणाचं मूल्य असतं. झिजलेला दगड, विटलेलं लाकूड बघताक्षणी मनाला भिडतं, त्यासाठी काही ठाऊक असावं लागत नाही. ऐतिहासिक मूल्य वेगळं. तिथे काय घडलं, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जाणून घ्यावं लागतं. आपले वॉक बहुधा पहिलं दाखवतात आणि दुसरंही दाखवून झालं असं समजतात. माझा आक्षेप इथे आहे.

आता बघा. शनिवारवाड्यात 1828 च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोती उरली. जवळचा लाल महाल मात्र शिवकालीन नाही, तो विसाव्या शतकात महापालिकेने बांधला. फोटो दोन्हीकडे सारख्याच भक्तिभावाने निघतात!

पुढे मंडई. 1886 साली ती 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. मधला मनोरा सगळे मान वर करून बघतात. पण नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. गावाचा पैसा कशावर खर्च व्हावा, ते कोणी ठरवावं, हा वाद त्या दगडांत दिसत नाही. तो सांगावाच लागतो.

मंडईच्या अलीकडे, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडे वाडा होता. 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेलं लाकूडकाम. 'बघण्यासारखं' काही नव्हतं, म्हणून कितीतरी माणसं वर न बघता पुढे गेली. भाडेकरूंचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला गेला.

कोणी म्हणेल, स्मारक होतंय ना, मग तक्रार कसली? स्मारक हवंच. पण घडलेलं जाणून घेण्याची सवय आपल्याला नसेल, तर उद्या त्याच्यासमोरही नुसते फोटोच निघतील. कोणत्या मुलींना शाळेचं दार बंद होतं, ते कोणी बंद ठेवलं होतं, हे विचारायचं राहूनच जाईल.

तेव्हा वॉक काढणाऱ्यांना माझी एकच सूचना. वाटेत एक थांबा असा ठेवा, जिथे बघायला काही नाही. तिथे दहा मिनिटं उभे राहा आणि काय घडलं ते सांगा. लोक कंटाळतील असं मला वाटत नाही.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.