बॉनेटवरचा उंचवटा

मारुती जिप्सीच्या दोन पिढ्या शेजारीशेजारी उभ्या करून फक्त त्यांची बॉनेटं बघावीत. १९८५ साली आलेल्या एमजी ४१० चं बॉनेट सपाट. १९९६ च्या जिप्सी किंगच्या बॉनेटचा काही भाग मात्र वर उचललेला. हा उंचवटा रुबाबासाठी काढलाय असं अनेकांना वाटतं. तो हवा खेचण्यासाठी आहे, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. खरं कारण साधं आहे. ९७० सीसीचं इंजिन जाऊन १२९८ सीसीचं आलं आणि ते जुन्या झाकणाखाली मावेना. म्हणून झाकण उचललं. गाडी तीच, सांगाडा तोच, काळीज नवं. ज्याला आपण 'इंजिन स्वॅप' म्हणतो तो इथे कारखान्यानंच केला आणि त्याची खूण चारचौघांत दिसेल अशी ठेवून दिली.

जीपवाल्यांना यात नवल वाटणार नाही. तहसीलदाराची, पाटबंधारे खात्याची, निवडणुकीच्या प्रचारातली म्हणून आपण जी जीप ओळखतो, तिचं उंच कपाळ असंच आलेलं आहे. १९५३ साली अमेरिकेत विलीजनं सीजे-३बी काढली. तिच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास बदलला नव्हता की पिस्टनची धाव बदलली नव्हती. फक्त इनटेक व्हॉल्व्ह ब्लॉकमधून काढून वर हेडमध्ये नेले. ताकद साठ अश्वशक्तीवरून सत्तरीपुढे गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि जाळी-बॉनेट दोन्ही वर सरकवावी लागली. महिंद्रानं तो चेहरा पुढे कित्येक दशकं चालवला. पेट्रोल इंजिन गेलं, प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीत बनणारं २११२ सीसीचं डिझेल आलं, तरी कपाळ उंचच राहिलं. एका इंजिनासाठी शिवलेला अंगरखा दुसऱ्यानं घातला आणि लोकांना तोच जीपचा मूळ चेहरा वाटू लागला.

नागपुरात जिप्सीवर लिहायला निमित्त लागत नाही. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, कुठल्याही जंगलाची वाट इथून फुटते आणि पहाटे सिल्लारीच्या नाहीतर मोहर्लीच्या गेटवर रांगेत दिसते ती बहुधा जिप्सीच. पण सफारीच्या गाडीला मोठ्या इंजिनाची गरजही नाही आणि ते परवडणारंही नाही. जंगलात वेगाला बंधन. पर्यटक, चालक आणि गाइड घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला १२९८ सीसी पुरून उरतं. शिवाय ज्या गाडीच्या परवान्यावर पोट आहे तिच्या कागदांशी खेळ कोण करणार? मोठं इंजिन चढवायचा नाद असतो तो हौशी माणसाला. त्यानं कुठून तरी जुनी ४१० मिळवलेली असते, तिच्यावर जीव जडलेला असतो, आणि मनसरच्या पुढे महामार्गावर मागून ट्रकचा भोंगा वाजला की ४५ अश्वशक्ती आणि चार गिअर घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न त्याला रोज पडतो.

अशा गाडीत जी इंजिनं चढवतात, त्यांत मला रसिकतेनं बघावंसं वाटतं ते जुन्या बलेनोचं १५९० सीसीचं जी१६. आकडे नीट वाचले तर त्यांतच अर्धी गंमत आहे. किंगच्या १२९८ सीसीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७४ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५.५. बलेनोत व्यास ७५ आणि धाव थेट ९०. म्हणजे रुंदी वाढली एक मिलिमीटरनं आणि खोली साडेचौदा मिलिमीटरनं. घराणं एकच, त्यामुळे गिअरबॉक्सशी जुळणारी बोल्टची भोकंही तीच. पण लांब धावेनं स्वभाव पालटला. किंगचं एमपीएफआय इंजिन ८० अश्वशक्ती आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, बलेनोचं ९४ आणि १३०. अश्वशक्तीचा आकडा गप्पांत मिरवायला बरा. माझं लक्ष असतं ते टॉर्कवर, आणि तो किती खालच्या फेऱ्यांत हाताशी येतो यावर. रामटेकच्या गडाचा चढ किंगवर चढताना इंजिन फिरवत ठेवावं लागतं, वळणावर पाय सैल पडला की गिअर उतरवावा लागतो. जी१६ त्याच वळणावर त्याच गिअरमध्ये हुंकार भरून निघतं. त्याचा आवाज खर्जातला, कुरकुर नाही. इंजिन कुंथत नाही म्हणून चालवणाराही आपसूक सावकाश चालवतो, हा मोठ्या इंजिनाचा उलटा गुण फार कमी लोक बोलून दाखवतात.

जमेची आणखी एक बाजू वजनाची. ४१० च्या मूळ इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, जी१६ चा ॲल्युमिनियमचा. त्यामुळे इंजिन मोठं होऊनही पुढचे पाटे बसत नाहीत, नाक खाली जात नाही. जिप्सीत डिझेल घुसवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. दम भरपूर, पण पुढून जड, स्टिअरिंग आडमुठं आणि प्रत्येक नटाला थरथर. जिप्सीचं सगळं सौंदर्य तिच्या हलकेपणात आहे. ते घालवून ताकद मिळवणं मला पटत नाही.

आता बारकावा. चांगलं काम ओळखायचं तर गाडीखाली वाकावं आणि आधी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बघावं. बलेनोत हे इंजिन आडवं बसायचं आणि त्याच्याखाली अखंड ॲक्सल नव्हता. जिप्सीत ते उभं बसतं आणि पुढचा ॲक्सल अखंड आहे. खड्ड्यात एक चाक वर आलं की डिफरन्शियलचं हाउसिंगही वर येतं, थेट चेंबरच्या दिशेनं. घाईचं काम असेल तर तिथे ठोकल्याची खूण दिसते. मग मिस्त्री काय करतो? इंजिन आणखी वर उचलतो, आणि वर उचललं की पुन्हा बॉनेटशी गाठ. मधला मार्ग चेंबर कापून, त्याचा खोल भाग सरकवून, नव्यानं वेल्ड करण्याचा आहे. पण चेंबर सरकलं की आतली तेल ओढणारी जाळीही तितकीच सरकवावी लागते, नाहीतर तीव्र चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. बाहेरून हे काही दिसत नाही. असं न दिसणारं काम मनापासून केलं असेल तर मी त्या मिस्त्रीच्या हाताला दाद देतो.

चेंबरच्या मागे ट्रान्स्फर केस, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी. जीपमध्ये ती गिअरबॉक्सला चिकटलेली असते, जिप्सीत वेगळी, चासीवर रबरी माउंटिंगवर टांगलेली, मध्ये एक आखूड शाफ्ट. सुझुकीच्या या मांडणीमुळेच ४१० चा चार गिअरचा बॉक्स काढून किंगचा पाच गिअरचा बसवता येतो, केसला हात लावावा लागत नाही. मात्र वाढलेला टॉर्क हीच रबरं पिळतो. लो रेंज टाकून क्लच झटक्यात सोडला की केस जागच्या जागी अंग चोरते, 'धप' असा आवाज येतो आणि आखूड शाफ्टच्या क्रॉसवर ताण पडतो. जाणता माणूस इथे जाड माउंटिंग आणि एक जादा आधार देतो.

नागपूरकरानं रेडिएटरही बघावा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना रेतीत लो रेंजमध्ये गाडी रांगते, समोरून वारा नाही, आणि जुन्या ९७० चा अरुंद रेडिएटर १५९० ची धग सोसतोय. डिसेंबरात झकास वाटलेली अनेक कामं इथल्या उन्हात उघडी पडतात.

कारखान्यानं ही वाट चालताना क्रम कसा लावला, तो मला फार आवडतो. १९९३ साली आधी चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं आणि गाडीचं उभं राहणं सुधारलं. इंजिन आलं १९९६ मध्ये, पाचव्या गिअरसोबत. घरावर मजला चढवण्याआधी पाया रुंद करावा तसं. आपले हौशी लोक उलटे जातात. अरुंद चाकांच्या जुन्या ४१० वर दुपटीहून जास्त ताकद चढवतात, सायलेन्सर मोकळा करून सगळ्या धरमपेठेला ऐकवतात आणि वळणावर गाडी कलली की जिप्सीला नावं ठेवतात. मोकळा सायलेन्सर हा मला तर कामावरचा अविश्वास वाटतो. इंजिन नीट बसलं असेल तर ते ओरडून सांगावं लागत नाही.

कागदांचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांना आवर घालतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी हवी आणि आरसीवरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. सुंदर काम केलेली गाडी कागदाअभावी अंगणात झाकून ठेवलेली बघितली की वाईट वाटतं, पण अपघातानंतर विमा कंपनी तिच्या सौंदर्याकडे बघणार नाही.

कुणी आपली १५९० वाली ४१० दाखवायला आणली की तो उत्साहानं बॉनेट उघडायला धावतो. मी आधी ड्रायव्हरच्या जागी बसतो आणि ब्रेकचं पेडल दाबतो. ४५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी बेतलेले ब्रेक तसेच असतील, तर बॉनेट उघडायची घाई नसते.