सोयीचे लग्न आणि न्यूरोडायव्हर्जंट नायक-नायिका

कर्ज, वारसा, अब्रू किंवा परदेशात राहण्याचा परवाना अशा निव्वळ व्यावहारिक कारणासाठी दोघांनी लग्न करायचे, अटी आधीच ठरवून घ्यायच्या आणि प्रेमात मात्र मागाहून पडायचे, हे कथानक इंग्रजी प्रणयकादंबरीत फार जुने आहे. जॉर्जेट हेयर यांच्या १९३४ सालच्या ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’मधील होरेशिया थोरल्या बहिणीला नको असलेले स्थळ स्वतः पत्करण्यासाठी थेट अर्लच्या घरी जाते आणि आपण तोतरे बोलतो, आपल्या भुवया कमानदार नाहीत, हेही त्याला तेथेच सांगून टाकते. उणिवांची यादी आधी आणि होकार नंतर, ही या प्रसंगातील रीत पुढील काळातील एका वेगळ्याच कादंबरीप्रवाहाला फार उपयोगी पडणारी ठरली.

हा प्रवाह न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांच्या मेंदूची जडणघडण बहुसंख्यांपेक्षा वेगळी असते अशा, व्यक्तींना नायक-नायिका करणाऱ्या कादंबऱ्यांचा आहे. स्वमग्नता, एडीएचडी, डिस्लेक्सिया इत्यादींना निव्वळ आजार न मानता मानवी वैविध्याचा भाग मानावे, हा विचार १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला आणि कादंबरीत तो उतरायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. जेनिफर अॅशली यांच्या २००९ सालच्या ‘द मॅडनेस ऑफ लॉर्ड इयन मॅकेन्झी’ची कथा १८८१मध्ये, म्हणजे लिओ कॅनर यांनी १९४३ साली बालकांतील स्वमग्नतेचे वर्णन करण्याच्या पुष्कळ आधी घडते, त्यामुळे समोरच्याच्या नजरेला नजर न देणारा इयन त्याच्या काळाच्या लेखी सरळसरळ वेडा ठरतो आणि बापाच्या आज्ञेने वेड्यांच्या इस्पितळात डांबला जातो. पुढे हेलन होआंग, क्लोई लीस यांच्यासारख्या स्वतः स्वमग्न असलेल्या लेखिका या क्षेत्रात आल्या आणि बाहेरून केलेल्या निरीक्षणाची जागा आतून आलेल्या माहितीने घेतली.

होआंग यांची ‘द ब्राइड टेस्ट’ (२०१९) या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियात हिशेबनीस असलेल्या खाई या स्वमग्न तरुणासाठी त्याची आई व्हिएतनामला जाऊन एस्मे ही हॉटेलात सफाईचे काम करणारी मुलगी निवडते आणि एका उन्हाळ्यापुरती त्याच्याच घरी आणून ठेवते. मराठी वाचकाला हा खटाटोप मुळीच परका वाटणार नाही. खाईला ओझरता स्पर्श सहन होत नाही, दाबून केलेला स्पर्श मात्र चालतो, आणि ही गोष्ट एस्मेला अंदाजाने कळत नाही, ती तशी सांगावीच लागते. एरवीच्या प्रणयकथेत जे कटाक्षाने, सुस्काऱ्याने किंवा अबोल्याने सुचवले जाते, ते येथे उघड शब्दांत ठरवून घ्यावे लागते, आणि वाचनाची खरी गोडी या ठरवण्यातच आहे. शिवाय लपवाछपवी जो करतो तो खाई नव्हे; आपल्याला मुलगी आहे ही गोष्ट दडवून ठेवते ती एस्मे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेली ‘दुहेरी सहवेदनेची अडचण’ ही कल्पना येथे उपयोगी पडते. स्वमग्न व्यक्ती आणि इतर यांच्यातील गैरसमज एकतर्फी नसतो, दोघांनाही एकमेकांचे मन वाचता येत नाही, असा तिचा आशय आहे. सोयीच्या लग्नाच्या कथेत दोन अनोळखी माणसे मुळातच एकमेकांना वाचू शकत नाहीत. त्यामुळे न्यूरोडायव्हर्जंट पात्राची अडचण तेथे अपवाद राहत नाही, ती दोघांची समान परिस्थिती होते. इयन आणि खाई या दोघांचीही आपण प्रेम करूच शकत नाही अशी ठाम समजूत असते, खाईची तर भावासारख्या जवळच्या नातलगाच्या मृत्यूनंतर डोळ्यांत पाणी आले नाही म्हणून; वाचकाला मात्र त्यांच्या प्रत्येक कृतीतून उलटेच दिसत राहते.

तरीही या प्रवाहातील उणिवा लहान नाहीत. इयन गर्भश्रीमंत आहे, खाईलाही पैशाची ददात नाही. मोलमजुरी करणारा स्वमग्न नायक या कादंबऱ्यांत जवळजवळ भेटत नाही. एस्मेचा मुक्काम पर्यटक व्हिसाच्या मुदतीवर टांगलेला असताना तिची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न लेखिकेने उपस्थित केला आहे, पण प्रणयाच्या ओघात तो अर्धवट सुटला आहे. ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल’ ही आपल्याकडची ओळखीची समजूत लक्षात घेता मराठी वाचकाने त्याकडे अधिक कडकपणे पाहिले पाहिजे. सर्वांत मोठी उणीव शेवटाची आहे. सुखान्त हा या वाङ्मयप्रकाराचा अलिखित नियम असल्यामुळे अखेरच्या प्रकरणांत करार गळून पडतो आणि उत्कट कबुली येते, जणू स्पष्ट बोलणे ही प्रेम येईपर्यंतची कुबडीच होती.

हेयर यांनी १९६१ साली लिहिलेल्या ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’मध्ये कर्जबाजारी उमराव अॅडम आणि धनाढ्य व्यापाऱ्याची साधीसुधी मुलगी जेनी यांचे लग्न पैशासाठी होते आणि कथा उत्कट प्रेमापाशी न जाता शांत सोबतीपाशी थांबते. न्यूरोडायव्हर्जंट पात्रांची कादंबरी निरीक्षणात हेयर यांच्या पुष्कळ पुढे गेली आहे. शेवट करण्याच्या धैर्यात ती अजून त्यांच्या मागेच आहे.