भूपाळगड : तटाच्या आतली माणसे

वसईच्या कोटातील उंच भिंती व कमानी पाहत वाढलेल्या वाचकाला भूपाळगड प्रथमदर्शनी निराशच करील. आटपाडीच्या शेजारी, खानापूर तालुक्यातील बाणूरच्या डोंगरावर ढासळलेला दगडी तट, पाण्याचे तळे, देऊळ आणि बहिर्जी नाईकांची म्हणून दाखविली जाणारी समाधी, एवढेच काय ते उरले आहे.

आमची तक्रार मात्र गडाविषयी नसून त्यावरील लेखनाविषयी आहे. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने हा गड घेतला, तेव्हा संभाजीराजे त्याच्या बाजूस होते. आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणि गडवर्णने या एकाच प्रसंगावर पोसली आहेत. १६६० साली चाकणचा कोट छप्पन्न दिवस लढविणारा फिरंगोजी नरसाळा परंपरेनुसार येथला किल्लेदार. समोर युवराज दिसताच त्याच्या मनाची झालेली घालमेल रंगविताना लेखण्या थकत नाहीत. प्रसंगात नाट्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण पडदा तेथेच पडतो.

यदुनाथ सरकारांच्या १९१९ च्या शिवचरित्रात याखेरीज दोन गोष्टी सापडतात. आसपासच्या रयतेने आपली कुटुंबे आसऱ्यासाठी या गडावर ठेवली होती. आणि गड पडल्यावर जिवंत उरलेल्यांपैकी सातशे जणांचा एकेक हात तोडण्यात आला. हे ध्यानी घेतले म्हणजे गडाच्या रचनेचा अर्थही निराळा लागतो. पाण्याचे तळे, धान्याचा साठा, तटाने वेढलेली मोकळी जागा : अवर्षणाच्या मुलखातील गावांचा हा निवारा होता. पडक्या तटाची लांबी मोजणाऱ्या आमच्या गडप्रेमींना (त्यांच्या पायपिटीबद्दल आम्हांला आदरच आहे) हे क्वचितच जाणवते.

नवल असे की, अशी माणसे लिहिणारे लेखक याच मातीत निपजले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने उठून जाणारे गाव चितारले, शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’मध्ये (१९८१) गावगाडा गावकुसाबाहेरून पाहिला. ती दृष्टी गडावरच्या कादंबरीला लाभली नाही. एक हात गमावलेला माणूस त्या पावसाळ्यात शेतात कसा उतरला असेल, हे आमच्या वाचनात आलेल्या एकाही लेखकाने विचारलेले नाही.